दोन तबकड्या, एक लय, एक पट्टी: टेक्नोचा डीजे नेमके काय करतो?

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नृत्यसंगीताच्या, संस्कृतीचा समावेश देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना त्या बातमीचे आश्चर्य वाटले. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, खिडक्यांच्या काचा हादरवणारा आवाज आणि त्यावरून दरवर्षी होणारी वादावादी. टेक्नोच्या जगात डीजे हे यंत्रणेचे नाव नसून माणसाचे नाव आहे. दोन-तीन तबकड्यांवरचे संगीत एकमेकांत मिसळत, मध्ये कुठेही खंड पडू न देता, चार-चार, सहा-सहा तास एकच प्रवाह वाहता ठेवणे हे त्याचे काम असते. आणि तो प्रवाह ऐकताना एक रचना संपून दुसरी कधी सुरू झाली हे पुष्कळदा कळतही नाही.

हे साधण्यासाठी दोन्ही रचनांची लय एक असावी लागते आणि त्यांचे सूर एकमेकांशी भांडणारे नसावे लागतात. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे वरवर वाटते, पण तबकडीवर त्या एकाच दोरीला बांधलेल्या असतात. एक ओढली की दुसरी हलते. डीजेच्या कौशल्याचा आणि त्याच्या बहुतेक अडचणींचाही उगम या एका वस्तुस्थितीत आहे. मैफल सुरू होण्यापूर्वी तानपुरे जुळताना आणि तबला मिळवला जाताना ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले आहे, त्यांना हा सगळा हिशोब समजायला मुळीच अवघड नाही अशी माझी खात्री आहे, आणि त्याच खात्रीने हा लेख लिहीत आहे.

## टेक्नोची बांधणी

टेक्नोचा जन्म बर्लिनचा नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर यांच्या साहाय्याने हे संगीत घडवले, आणि १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. शहरातल्या ओस पडलेल्या तळघरांत आणि कारखान्यांत तरुणांनी नाचायला जागा शोधल्या, १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेझॉर’ हा क्लब सुरू झाला, आणि डेट्रॉइटचे संगीत तिथे कायमचे रुजले. ज्या जातीच्या यंत्रांवर हे संगीत उभे राहिले, त्यांतली दोन, म्हणजे रोलंड कंपनीचे ८०८ हे ड्रम मशीन आणि ३०३ हा बास सिंथेसायझर, वापरून चरणजित सिंग यांनी मुंबईत १९८२ सालीच दहा राग ध्वनिमुद्रित केले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

टेक्नोच्या रचनेला ‘ट्रॅक’ म्हणतात आणि तो बहुधा सहा ते आठ मिनिटांचा असतो. त्याच्या तळाशी सारख्या अंतराने पडणारा एक जड ठोका असतो. त्याला ‘किक’ म्हणतात. दर चार किकचे एक छोटे आवर्तन होते. किकच्या मधल्या जागेत झांजेसारखा बारीक आवाज वाजतो, खाली खर्जात बासची ओळ फिरत राहते आणि वर एखादा लांबलेला सूर किंवा दोन-चार स्वरांची पुनरावृत्ती असते. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात बहुधा नुसता तालच ठेवलेला असतो, कारण ट्रॅक बनवणाऱ्याला हे आधीपासूनच ठाऊक असते की तो एकटा ऐकला जाणार नाही. मागच्या ट्रॅकच्या शेपटीत पुढच्याचे तोंड अडकवता यावे, यासाठीच ती मोकळी जागा सोडलेली असते.

## लय जुळवणे

लयीचे माप ‘बीपीएम’ या एककात सांगतात, म्हणजे एका मिनिटात पडणाऱ्या ठोक्यांची संख्या. टेक्नो साधारणपणे १२५ ते १४५ च्या दरम्यान चालतो, आणि अलीकडे दीडशेच्या वर जाणारा प्रकारही लोकप्रिय झाला आहे. समजा, श्रोत्यांसमोर वाजणारा ट्रॅक १३२ चा आहे आणि डीजेला पुढे वाजवायचा ट्रॅक १३० चा आहे. दोन्ही तसेच एकावर एक ठेवले तर काही सेकंदांतच ठोके एकमेकांपासून सुटतील. म्हणून दुसऱ्याचा वेग वाढवावा लागतो.

त्यासाठी तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे टर्नटेबलवर, उजव्या हाताला खालीवर सरकणारा एक फेडर असतो. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या जपानी टर्नटेबलवर तो फेडर वेग आठ टक्क्यांपर्यंत वाढवू किंवा कमी करू शकतो, आणि पुढे अनेक दशके जगभरच्या क्लबांत हेच यंत्र प्रमाण मानले गेले. मात्र दोन तबकड्यांचे ठोके जुळवत अखंड वाजवण्याची पद्धत त्याच्याही आधीची आहे. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या क्लबात फ्रान्सिस ग्रासो यांनी ती रूढ केली असे मानले जाते.

प्रत्यक्ष काम जवळून पाहण्यासारखे असते. एका कानावर हेडफोन, त्यात फक्त येणारा ट्रॅक. दुसरा कान उघडा, त्यात दालनात वाजणारा ट्रॅक. डीजे येणाऱ्या तबकडीवर बोटे टेकवून तिला पहिल्या किकपाशी अडवून धरतो. खालची थाळी फिरत असते, मधला फेल्टचा तुकडा घसरत असतो आणि तबकडी मात्र बोटांखाली स्थिर असते. मग समोरच्या ट्रॅकचा ठोका पडता पडता तो बोटे उचलतो. दहा सेकंदांत कान सांगतो की नवा ट्रॅक मागे पडतो आहे. तो फेडर केसभर सरकवतो, अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत मधली खुंटी धरून तबकडीला किंचित पुढे रेटतो, पुन्हा ऐकतो. ठोके एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत हे चालते.

हा बारकावा किती असावा? १३२ च्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे ४५५ मिलिसेकंद असते. दोन ट्रॅकच्या लयीत ०.१ बीपीएम एवढा नगण्य फरक राहिला, तरी एका मिनिटात ते ठोक्याच्या एक दशांशाने, म्हणजे सुमारे ४५ मिलिसेकंदांनी एकमेकांपासून सरकतात, आणि एका धम् च्या जागी ‘ध-धम्’ ऐकू येऊ लागते. ढोलपथकात मागच्या रांगेचा टोल पुढच्या रांगेपेक्षा जरासा उशिरा पडला की जे होते, तेच इथेही होते. टेक्नोमध्ये दोन ट्रॅक एक-दोन मिनिटे, कधी त्याहून अधिक काळ एकत्र वाजत असल्यामुळे ही चूक लपत नाही.

## समेवर येणे

ठोके जुळले म्हणजे काम संपले असे नाही. टेक्नोमधले बदल, जसे की नवा आवाज येणे किंवा बास थांबणे, हे बहुधा १६ किंवा ३२ छोट्या आवर्तनांच्या टप्प्यावर होतात. १३२ च्या लयीत ३२ आवर्तने, म्हणजे १२८ ठोके, सुमारे ५८ सेकंदांत पुरे होतात. येणारा ट्रॅक या मोठ्या टप्प्याच्या समेवर सोडला, तर दोन्ही ट्रॅकमधले बदल एकाच क्षणी घडतात. भलत्याच ठोक्यावर सोडला, तर लय तंतोतंत असूनही गायक समेवर आणि तबलजी ‘खाली’च्या मात्रेवर अशी अवस्था होते. श्रोत्याला नेमके काय चुकले हे सांगता येत नाही, पण त्याचे पाय अडखळतात.

## सेल उतरलेला टेपरेकॉर्डर

आता पट्टीकडे वळू. ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला आहे, त्यांना टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की काय व्हायचे ते आठवत असेल. गाणे नुसते संथ होत नसे; गायिकेचा आवाज खाली खाली जात शेवटी पुरुषी घोगरा व्हायचा. कारण स्वर म्हणजे कंपनच. फीत हळू फिरली की सेकंदाला होणारी कंपने घटतात, म्हणून सूर उतरतो. जोरात फिरली की सूर चढतो. तबकडीचेही तसेच आहे.

डीजेचा फेडर लय बदलतो तेव्हा तो न सांगता पट्टीही बदलत असतो, हे यावरून लक्षात येईल. हिशोब निश्चित आहे. पेटीवर एका पट्टीवरून लगेच पुढच्या पट्टीवर गेलो, मग ती काळी असो की पांढरी, तर कंपनसंख्या सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते. म्हणून वेग तितकाच वाढवला की संपूर्ण ट्रॅक बरोबर एक पट्टी वर चढतो. १३२ चा ट्रॅक १३३ वर नेला, तर सूर पट्टीच्या जेमतेम आठव्या भागाने चढतो. तेवढे बहुतेक कान सोडून देतात. १३० चा १३४ वर नेला, तर तो निम्मी पट्टी चढतो, आणि ही अवस्था सगळ्यांत वाईट. पूर्ण एक पट्टी चढलेला ट्रॅक निदान दुसऱ्या एखाद्या पट्टीतल्या ट्रॅकशी जुळू शकतो. अर्धी पट्टी चढलेला त्रिशंकूसारखा दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतो आणि जुळवलेल्या कोणत्याच ट्रॅकशी त्याचे जमत नाही.

सुरुवातीच्या काळात घरी सराव करताना मी नेमका हाच अनुभव घेतला. लय इतकी घट्ट बसली होती की दोन किकची एकच किक ऐकू येत होती, आणि तरीही खोलीत काहीतरी आंबल्यासारखे वाटत होते. तासभर मी ठोके पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. दोष ठोक्यांत नव्हताच. वरच्या लांबलेल्या सुरांत अर्ध्या पट्टीचे अंतर पडले होते.

## खर्जातली दुसरी लय

सूर न जुळणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न आहे असे समजू नये. त्याची कंपने मोजता येतात. पांढरी सहाचा, म्हणजे पेटीवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, खोल खर्ज हा टेक्नोच्या बासच्या पट्ट्यातला सूर; तो सेकंदाला ५५ कंपनांचा असतो. त्याच्या लगतच्या खालच्या पट्टीचा, काळी चारचा, सुमारे ५१.९ चा. हे दोन्ही एकदम वाजले की त्यांच्या कंपनांतल्या फरकाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ वेळा, आवाज फुगतो आणि ओसरतो. पेटीतले दोन सूर एकमेकांशी नीट मिळालेले नसले की ऐकू येणारी घरघर हीच.

आता १३२ बीपीएमची किक पाहा: ती सेकंदाला २.२ वेळा पडते. याचा अर्थ, नाचणाऱ्याच्या छातीवर एकाच वेळी दोन लयी आदळत असतात, एक २.२ ची आणि दुसरी ३.१ ची, आणि या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. बेसूर बास हा खरे पाहता बेताल बास असतो. ही मला या संपूर्ण विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण लय आणि सूर यांची मूळ वस्तू एकच आहे हे इथे उघड दिसते. सेकंदाला २.२ ठोके २५ पट वेगाने वाजवले, तर ते सेकंदाला ५५ होतात, आणि कानाला ते ठोके म्हणून ऐकू न येता पांढरी सहाचा खर्ज म्हणून ऐकू येतात.

म्हणूनच जाणता डीजे दोन बास कधीही पूर्ण आवाजात एकत्र येऊ देत नाही. मिक्सरवर, म्हणजे ट्रॅकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक ट्रॅकसाठी खर्ज, मध्य आणि तार अशा तीन भागांची तीन फिरती बटणे असतात. येणाऱ्या ट्रॅकचा खर्ज तो आधी पूर्ण उतरवून ठेवतो, वरचे आवाज हळूहळू आत सोडतो, आणि मोठ्या आवर्तनाच्या समेवर एका हाताने जुन्याचा खर्ज काढून दुसऱ्या हाताने नव्याचा चढवतो.

## बारा पट्ट्यांचे घड्याळ

कोणती पट्टी कोणाशी जमते, हे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण न घेतलेल्या डीजेलाही कळावे, यासाठी ‘कॅमलॉट चक्र’ नावाचा एक तक्ता वापरात आला आणि ‘मिक्स्ड इन की’ या संगणक प्रणालीमुळे तो सर्वत्र पसरला. घड्याळासारखे बारा आकडे, आणि प्रत्येक आकड्याला ‘ए’ किंवा ‘बी’ हे अक्षर. ‘ए’ म्हणजे मायनर, ज्यात कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद लागतात, म्हणजे साधारण आपल्या आसावरी थाटाचे स्वर. ‘बी’ म्हणजे मेजर, आपला बिलावल. पांढरी सहा मायनरला या चक्रात ८ए म्हणतात. डीजेने पाळायचा मूलभूत नियम एवढाच, की ज्या आकड्यावर आहात त्यावरच राहा, किंवा एक घर मागे-पुढे जा, किंवा तोच आकडा ठेवून अक्षर बदला.

यामागे गूढ काही नाही. ८ए चा पुढचा शेजारी ९ए हा पांढरी तीन आहे, म्हणजे पांढरी सहाचा पंचम. मागचा शेजारी ७ए हा पांढरी दोन आहे, म्हणजे तिचा मध्यम. तानपुऱ्याची पहिली तार आपण पंचमात लावतो किंवा मध्यमात लावतो. चक्रावरची दोन शेजारची घरे नेमकी तीच आहेत. षड्ज-पंचम भाव हा आपल्या संगीताचा जितका जुना पाया आहे, तितकाच तो या तक्त्याचाही आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांचे सातांपैकी सहा स्वर समान असतात. ८ए आणि ९ए यांच्यात फरक काय तो पांढरी चारच्या जागी काळी तीन येण्याचा.

अक्षर बदलण्याची सवलत म्हणजे आपली मूर्च्छना. ८बी ही पांढरी एक मेजर. तिच्यात पेटीच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात. त्याच पांढऱ्या पट्ट्या कायम ठेवून षड्ज सहाव्या पट्टीवर मानला की बिलावलचा आसावरी होतो, म्हणजेच ८बी चे ८ए होते. स्वर तेच राहतात, घर बदलते, आणि त्याबरोबर भावही बदलतो.

चक्रावर बरोबर समोरचा आकडा, ८ए साठी २ए, हा षड्जापासून तीव्र मध्यमाच्या अंतरावर असतो आणि तो मिसळायला फार अवघड जातो. पेटीवर अगदी लगत असलेली वरची पट्टी, काळी पाच, चक्रावर मात्र पाच घरे दूर, ३ए वर सापडते. पेटीवरची जवळीक आणि कानाची जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तक्त्याने फार सोप्या रीतीने दाखवले आहे.

## काळी चारची पांढरी सहा

आता दोन्ही धागे एकत्र आणून एक उदाहरण सोडवू. वाजत असलेला ट्रॅक १३२ बीपीएम, ८ए. डीजेच्या संग्रहात एक जुनी तबकडी आहे, १२५ बीपीएम, १ए, म्हणजे काळी चार मायनर. तक्ता पाहिला तर १ए आणि ८ए यांचे अजिबात जमत नाही. त्यांच्यात पाच घरांचे अंतर आहे.

पण तबकडी १२५ वरून १३२ वर नेण्यासाठी वेग ५.६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे तिचा सूरही जवळजवळ एक पट्टी चढतो. काळी चार चढून पांढरी सहाच्या इतकी जवळ येते, की उरलेला फरक पट्टीच्या सुमारे अठराव्या भागाएवढाच राहतो. लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे जे दोन ट्रॅक परस्परांचे वैरी होते, ते प्रत्यक्षात एकाच पट्टीत वाजू लागतात. ज्याने तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तो ही तबकडी बाजूला ठेवील. ज्याने हेडफोनमध्ये ती १३२ वर नेऊन ऐकली, त्याला रात्रीतला एक उत्तम सांधा सापडेल. काही आधुनिक यंत्रे वेग बदलल्यावर बदललेली पट्टी पडद्यावर दाखवतात, पण तबकडीच्या वेष्टनावर पेनने लिहून ठेवलेला आकडा असा बदलत नाही.

## पण वेग बदलूनही सूर स्थिर ठेवणारे बटण असते ना?

असते, आणि त्याने लय व पट्टी यांना बांधणारी दोरी खरोखरच कापली जाते. त्याला ‘की लॉक’ किंवा ‘मास्टर टेम्पो’ म्हणतात. यंत्र ध्वनीचे सूक्ष्म तुकडे करते आणि ते जवळ सरकवून किंवा ताणून पुन्हा जोडते, त्यामुळे वेग बदलतो पण कंपनसंख्या तीच राहते. २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० या यंत्रात तर येणाऱ्या ट्रॅकची पट्टी एका बटणाने वाजणाऱ्या ट्रॅकशी जुळवून घेण्याचीही सोय आहे.

या सोयीला किंमत मोजावी लागते. तुकडे जोडताना सर्वांत आधी बिघडते ती किकची धार, कारण किकचा पहिला आघात अतिशय अल्पकाळाचा असतो आणि जोडणीत तो पसरट होतो. एक-दोन टक्क्यांच्या बदलात हे फारसे जाणवत नाही. पाच-सहा टक्क्यांना मोठ्या स्पीकरवर स्पष्ट जाणवते. टेक्नोत सगळा डोलारा किकवर उभा असल्यामुळे अनेक डीजे हे बटण बंद ठेवणेच पसंत करतात. शिवाय वरच्या उदाहरणात हे बटण चालू असते, तर काळी चार काळी चारच राहिली असती आणि सुंदर सांध्याऐवजी घरघर पदरी आली असती.

## टेक्नोत सूर असतातच कुठे?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ट्रॅकगणिक बदलते. काही ट्रॅक जवळजवळ निव्वळ तालाचे असतात; तिथे पट्टीचा विचार करण्यात वेळ घालवू नये. तरीही दायाँ तबला जसा सुरात लावलेला असतो, तशीच पुष्कळदा किकही एका ठराविक सुराची असते, आणि तिच्या मागे घुमणारा खर्ज त्याच सुरात बांधलेला असतो.

खरी अडचण वेगळी आहे. संगणक पट्टी ओळखतो तो अशा रीतीने: ट्रॅकमधल्या सर्व कंपनांची बारा स्वरांत वाटणी करायची, कोणत्या स्वराला किती वजन आले ते पाहायचे आणि चोवीस मेजर-मायनर पट्ट्यांपैकी कोणत्या साच्याशी ते सर्वाधिक जुळते ते ठरवायचे. गाण्यात स्वर भरपूर असतात, म्हणून उत्तर बहुधा बरोबर येते. ज्या टेक्नो ट्रॅकमध्ये दीड-दोनच स्वर आहेत, तिथेही संगणकाला काहीतरी उत्तर द्यावेच लागते, आणि ते पडद्यावर तितक्याच ठामपणे उमटते. एकाच ट्रॅकला दोन प्रणाली दोन वेगळ्या पट्ट्या देतात ते यामुळेच. अशा वेळी पेटी किंवा मोबाइलवरचा तानपुरा जवळ घेऊन आपल्या कानाने षड्ज शोधावा. पाच मिनिटे लागतात आणि ते उत्तर विश्वासाचे असते.

## मग ‘सिंक’ दाबले की झाले?

लय आपोआप जुळवणाऱ्या ‘सिंक’ बटणावरून डीजेंमध्ये वर्षानुवर्षे वाद आहे. माझ्या मते हे बटण वापरण्यात कमीपणा काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला म्हणून गाणे संपले नाही. गायकाचा एक व्याप कमी झाला, इतकेच. सिंक ठोके जुळवते, पण समेची मोठी जागा कोणती, खर्ज कधी बदलायचा, आणि मुळात या गर्दीपुढे या घटकेला कोणता ट्रॅक वाजवायचा, हे ते सांगत नाही. मात्र हाताने लय जुळवायला शिकावे असे मी प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने सांगेन, कारण संगणकाने ठोक्यांच्या जागा चुकीच्या आखल्या असतील तर बटण ती चूक इमानाने पाळते, आणि ती दुरुस्त करायला कान तयार असावा लागतो.

## दुसऱ्याच्या तबकड्या वाजवण्यात कला कसली?

या प्रश्नाचा निर्णय एका न्यायालयालाही करावा लागला आहे. जर्मनीत संगीत मैफलींच्या तिकिटांवर १९ टक्क्यांऐवजी ७ टक्के कर लागतो. टेक्नो आणि ‘हाऊस’ या नृत्यसंगीताच्या दुसऱ्या प्रकाराच्या रात्री या मैफली आहेत की निव्वळ नाचाच्या पार्ट्या, असा वाद तिथल्या सर्वोच्च वित्तीय न्यायालयापुढे गेला, आणि २०२० मध्ये न्यायालयाने डीजेची कामगिरी हे जर मुख्य आकर्षण असेल तर त्या मैफलीच ठरतात असे मान्य केले. टर्नटेबल, मिक्सर यांना वाद्यांचे स्थान देणारा हा निर्णय आहे. डेट्रॉइटचे जेफ मिल्स तीन टर्नटेबल आणि सोबत रोलंडचे ९०९ ड्रम मशीन यांवर जे करतात ते पाहिले, की न्यायालयाचे म्हणणे सहज पटते. एकेक ट्रॅक मिनिट-दोन मिनिटांतच येतो आणि जातो, आणि ऐकू येते ती तिन्हींच्या मिश्रणातून त्या क्षणी घडलेली चौथीच रचना.

## हे नियम पाळल्याशिवाय चालतच नाही का?

चालते, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला गोव्यातला आहे. हणजुणे परिसरात किनाऱ्यावर रात्रभर वाजवणाऱ्या गोवा गिल यांच्यासारख्या डीजेंनी कॅसेट आणि ‘डॅट’ नावाच्या डिजिटल फिती वापरल्या, कारण व्हिनाइलच्या तबकड्या वजनाला जड आणि उन्हात वाकणाऱ्या. डॅटच्या यंत्रावर वेग बदलण्याची सोय सहसा नसे. म्हणून ते लय जुळवण्याच्या भानगडीत न पडता, एका रचनेच्या ठोके नसलेल्या शेवटात दुसरीची ठोके नसलेली सुरुवात विरघळवत. तिथे घडलेल्या ‘गोवा ट्रान्स’ या संगीतप्रकाराच्या ट्रॅकना लांबलचक, तालाविना सुरुवाती असतात त्यामागे या साधनाची मर्यादाही आहे.

पट्टीचा नियमही जाणूनबुजून मोडता येतो. पहाटे तीनच्या सुमारास गर्दी थकू लागली की काही डीजे ८ए नंतर मुद्दाम ३ए घेतात, म्हणजे संपूर्ण दालन एक पट्टी वर उचलतात. दोन्ही ट्रॅकचे सूर मिनिटभर एकत्र वाजले तर घरघर होणार हे त्यांना माहीत असते, म्हणून ते येणाऱ्या ट्रॅकचा केवळ ताल आत घेतात, खर्ज आणि मध्य दोन्ही बंद ठेवतात, जुन्या ट्रॅकचा लांबलेला सूर शेवटच्या आवर्तनापर्यंत वाजू देतात. शेवटचे चार ठोके खर्जाशिवाय जातात. मग समेवर दोन्ही मनगटे एकदम फिरतात, काळी पाचचा खर्ज पूर्ण वजनाने खाली उतरतो, आणि का ते न कळताच सगळ्या दालनातले हात वर जातात.